व्यापारी सौद्यातून फिरला, माल दुसऱ्याला विकला. आता विसार कोणाचा?

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची दोन एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे, सातबारा माझ्या नावावर. २० जानेवारीला एका व्यापाऱ्याशी पूर्ण बागेचा शिवार सौदा (माल बागेतूनच उचलण्याचा सौदा) झाला. भाव ४२ रुपये किलो, माल अंदाजे १८ टन, विसार दीड लाख. काढणी झाली की आठ दिवसांत त्या मालाचे पैसे द्यायचे आणि विसार शेवटच्या हिशेबात वळता करायचा. सौदापावतीवर दोघांच्या सह्या आहेत. ‘सौदा मोडल्यास विसार जप्त होईल व मोडणाऱ्याने विसाराच्या दुप्पट भरपाई द्यावी’ आणि ‘वाद झाल्यास दोघांनी मिळून नेमलेल्या तीन पंचांचा निर्णय बंधनकारक राहील’ असं तिच्यात लिहिलंय. १० आणि ११ फेब्रुवारीला त्याने ७ टन माल काढून नेला, त्यापोटी ८० हजार दिले. १९ तारखेला त्याचा व्हॉट्सॲपवर आवाजातला मेसेज आला : बाजार पडलाय, २५ ने देत असाल तर गाडी पाठवतो, नाहीतर तुमचं तुम्ही बघा. आम्ही फोन करत राहिलो. २४ ला पाऊस झाला, दीड टनाचे मणी तडकले. २६ ला मी फोन करून त्याला सांगितलं, सौदा संपला. २८ ला साडेनऊ टन माल दुसऱ्या व्यापाऱ्याला २९ रुपयांनी दिला, तडकलेला माल बेदाण्यासाठी १२ रुपयांनी गेला. आता पहिला म्हणतो, दुसऱ्याला माल देऊन सौदा तुम्हीच मोडला. विसार परत करा, नाहीतर ४० हजार घ्या आणि फुल अँड फायनलवर सही करा. दीर म्हणतात, रद्द आपणच केलं, आता भरपाई कोणत्या तोंडाने मागायची? फोन मी केला होता, म्हणून घरात सगळे माझ्याकडेच बघतात. त्याचे १२० क्रेट आमच्या शेडमध्ये पडलेत, ते अडवून ठेवू का?

एक बागायतदार, निफाड

उत्तर : ताई, त्या फोनचा धसका आधी मनातून काढा. तुम्ही केलेला फोन कायद्याला धरून होता, आणि त्याने तुमचा भरपाईचा हक्क गेलेला नाही. दिरांना वाटतं तसं बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

समोरच्याने करार मोडला म्हणजे करार आपोआप संपत नाही. तो संपवायचा की चालू ठेवायचा, हे ज्याच्यावर अन्याय झाला त्याने ठरवायचं असतं. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम ३९ मध्ये हे सांगितलंय. एका पक्षाने आपला वाटा पूर्णपणे पार पाडायला नकार दिला, तर दुसरा पक्ष करार संपवू शकतो. मात्र करार पुढे चालू राहावा अशी संमती त्याने शब्दांतून किंवा वागण्यातून दिलेली नसावी. १९ तारखेचा मेसेज हा असा नकार आहे. ४२ चा भाव ठरलेला असताना ‘२५ ने द्या, नाहीतर तुमचं तुम्ही बघा’ म्हणजे ठरलेल्या भावाने मी माल उचलणार नाही. सौदा तिथे त्याने मोडला. २६ ला तुम्ही तो संपवला. या दोन तारखांचा क्रम हा तुमच्या प्रकरणाचा कणा आहे. २८ ला दुसऱ्याला माल दिला तेव्हा तुमच्यावर तो राखून ठेवण्याचं बंधनच उरलेलं नव्हतं, त्यामुळे ‘सौदा तुम्ही मोडला’ हे त्याचं म्हणणं टिकणारं नाही.

दिरांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच कायद्याच्या कलम ७५ मध्ये आहे. योग्य कारणाने करार संपवणाऱ्याला, करार पुरा न झाल्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. म्हणजे संपवणं आणि भरपाई मागणं या दोन्ही गोष्टी एकत्र चालतात.

इथे एक सावधगिरी, कारण हे सदर वाचणारे इतर बागायतदारही आहेत. तुम्ही सौदा संपवला तो त्याने ठरलेल्या भावाला नकार दिला म्हणून. समजा त्याने नुसतं ७ टनांचं पेमेंट आठाऐवजी बारा दिवसांवर नेलं असतं आणि तेवढ्यावरून तुम्ही बाग दुसऱ्याला दिली असती, तर मी इतक्या ठामपणे लिहू शकलो नसतो. मालविक्री कायदा १९३० चा आहे. त्यानुसार पैसे देण्याची मुदत हा सौद्याचा गाभा मानला जात नाही, तसं सौद्यातून स्पष्ट दिसत असेल तरच मानला जातो. उशिराबद्दल पैसे आणि व्याज मागता येतं, पण तेवढ्याने सौदा मोडण्याचा अधिकार मिळेलच असं नाही. किरकोळ कारणावरून घाईने ‘रद्द’ म्हणणारा स्वतःच करार मोडणारा ठरू शकतो. तुमच्या नोटिशीत त्यामुळे पेमेंटच्या उशिरावर भर देऊ नका. १९ तारखेचा नकार सगळ्यात वर ठेवा.

आता करार संपवल्याने नेमकं काय संपतं? पुढची देणी-घेणी संपतात. उरलेल्या ११ टनांसाठी तुम्ही त्याची वाट पाहायची नाही, आणि त्याने तुमच्या बागेत माणसं घालायची नाहीत. मात्र आधी जे घडून गेलं ते कायम राहतं. ७ टन माल त्याने ४२ च्या भावाने नेला, त्याची पूर्ण किंमत तो तुम्हाला देणं लागतो. सौदा संपला म्हणून त्या ७ टनांचा भाव २५ होत नाही, आणि बाजार पडला म्हणून २९ ही होत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बागायतदार सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. व्यापारी नेलेल्या मालाचा आणि राहिलेल्या मालाचा हिशेब एकत्र कालवतो, आणि ‘मिटवून टाकू’ म्हणत सगळ्याच मालाला पडलेला भाव लावतो. तुम्ही हे दोन हिशेब शेवटपर्यंत वेगळे ठेवा.

विसाराचं उत्तर आकड्यांशिवाय नीट कळणार नाही. नेलेला माल ७,००० किलो, ४२ ने २,९४,००० रुपये. त्यातून मिळालेले ८०,००० आणि विसाराचे १,५०,००० वजा केले की ६४,००० उरतात. ही मालाची बाकी. आता राहिलेला माल. ९,५०० किलोला ४२ ऐवजी २९ मिळाले; किलोमागे १३ रुपयांचा तोटा, एकूण १,२३,५००. तडकलेल्या १,५०० किलोला ४२ ऐवजी १२ मिळाले, तोटा ४५,०००. तिन्ही मिळून तुमची मागणी २,३२,५०० रुपयांची होते.

‘पण पावतीत विसार जप्त असं लिहिलंय ना?’ हे तुमच्या मनात येईल. मग विसार जप्त धरून मांडू. मालाची बाकी २,१४,००० होते. राहिलेल्या मालाचा तोटा १,६८,५००, त्यातून हातात असलेला दीड लाख वजा केला की १८,५००. बेरीज पुन्हा २,३२,५०० च. म्हणजे विसार कोणत्याही रकान्यात धरा, तो एकदाच मोजला जायचा. जप्तही करायचा आणि पूर्ण तोटाही मागायचा, असं केलं तर मागणी ३,८२,५०० वर जाईल आणि तिच्यातले दीड लाख तुम्ही दोनदा मागितलेले असतील. समोरचा वकील पहिला बोट ठेवेल ते यावर, आणि एकदा हिशेब फुगवलेला दिसला की खऱ्या रकमेकडेही संशयाने पाहिलं जातं.

‘दुप्पट भरपाई’चंही तसंच आहे. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते. तिच्या आत जी वाजवी भरपाई असेल ती मिळते. तुमच्या पावतीप्रमाणे मर्यादा ३ लाख. राहिलेल्या मालाचा तुमचा तोटा १,६८,५०० आहे, तो मर्यादेच्या आत बसतो. नुसत्या पावतीवर बोट ठेवून ३ लाख मिळणार नाहीत. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं होतं. दिल्लीतल्या एका बंगल्याचा १,१२,५०० रुपयांचा व्यवहार होता, विकणाऱ्याकडे २५,००० आले होते. खरेदीदार चुकला. न्यायालयाने विसार म्हणून दिलेले १,००० ठेवू दिले. किमतीपोटी आलेले २४,००० मात्र करारात जप्तीचं कलम असूनही ठेवू दिले नाहीत. २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या प्रकरणात दिल्ली विकास प्राधिकरणाने विसाराची मोठी रक्कम जप्त केली होती. प्राधिकरणाचं नुकसानच झालं नव्हतं, म्हणून ती रक्कम परत करायला लावली गेली.

करार संपवणाऱ्यावरही एक जबाबदारी येते, ती फार कोणी सांगत नाही. कलम ६४ प्रमाणे, करारातून मिळालेला लाभ त्याने परत करायचा असतो. चुकलेल्या पक्षाने दिलेली आगाऊ रक्कमही यात येते का, असा वाद चित्रपट वितरणाच्या एका व्यवहारातून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वात वरच्या अपील न्यायालयापर्यंत गेला होता. उत्तर होतं : येते, पण आधी त्यातून स्वतःची भरपाई वळती करून घेता येते. समजा हा व्यापारी एकही घड न नेता फिरला असता, आणि नंतर बाजार ५० वर जाऊन तुमची बाग त्या भावाने गेली असती. मग तोटा कुठला? तेव्हा मी तुम्हाला विसार परत करायला सांगितलं असतं. आज तसं नाही. आज विसार पूर्णपणे हिशेबात जिरलाय आणि वर त्याच्याकडून येणं आहे. तेव्हा ‘विसार परत करा’ला उत्तर म्हणून हा हिशेब पाठवा, एवढं पुरे.

आता तुमच्या आकड्यांतल्या दोन कच्च्या जागा. त्या आधी माझ्याकडून कळलेल्या बऱ्या.

पहिली, २९ चा भाव. माल उचलायला नकार दिल्याची भरपाई साधारणपणे करारातला भाव आणि माल घ्यायचा होता किंवा नकार दिला त्या वेळचा बाजारभाव यांच्या फरकाने मोजतात. तुम्ही विकला २८ ला. १९-२० च्या सुमाराला तसल्याच मालाला ३१ मिळत असतील, तर व्यापारी म्हणेल की किलोमागे तोटा १३ नाही, ११ आहे. तेवढ्याने तुमचे १९,००० कमी होतात. म्हणून १८ ते २८ फेब्रुवारीच्या दरम्यान आसपासच्या बागांचे सौदे काय भावाने झाले याचे पुरावे आत्ताच गोळा करा. शेजाऱ्यांच्या पावत्या, तुम्ही ज्यांना विचारलं त्या व्यापाऱ्यांचे मेसेज, चालतील ते सगळे. भाव तोच होता हे दिसलं तर तुमची २८ ची विक्री हाच उत्तम पुरावा.

दुसरी, तडकलेला दीड टन. कलम ७३ भरपाई देतं ती करार मोडल्यामुळे ओघाने होणाऱ्या नुकसानीची, आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात हेही आहे की नुकसान कमी करण्याचे कोणते मार्ग तुमच्या हातात होते ते पाहिलं जाईल. व्यापारी विचारेल : १९ ला मी नाही म्हटलं, मग २४ पर्यंत माल झाडावर का ठेवला? याचं उत्तर तुमच्याकडे हवं. उतरलेली साखर, दर दिवशी वाढणारी जोखीम हे तुम्हाला कळत होतं, मग त्या पाच दिवसांत दुसऱ्या कोणाला बाग दाखवली का? दाखवली असेल तर कोणाला, कधी, त्याने काय भाव सांगितला, हे आजच लिहून ठेवा. नुसते त्यालाच फोन करत राहिला असाल, तर हे ४५,००० मिळणं अवघड जाईल. मागणीत ते जरूर धरा, पण तडजोडीला बसाल तेव्हा सोडायची वेळ आली तर आधी हेच सोडा.

वाट पाहण्यात याहून मोठा धोका असतो. समोरच्याने नकार दिल्यावरही तुम्ही करार चालू ठेवला, तर तो त्याच्यासाठीही चालू राहतो. दरम्यान काही घडलं तर त्याचा फायदा त्याला मिळू शकतो. १८५५ चा एक इंग्रजी निकाल यासाठी नेहमी सांगितला जातो. ओडेसा बंदरात एक जहाज माल भरायला थांबलं होतं. भाडेकऱ्याने माल नाही म्हणून सांगितलं, तरी कप्तान आग्रह धरून थांबून राहिला. तेवढ्यात क्रिमियाचं युद्ध पेटलं, शत्रूच्या बंदरातून माल भरणंच बेकायदा झालं, आणि जहाजमालकाचा दावा बुडाला. द्राक्षासारखा नाशवंत माल असेल, तर पक्का नकार मिळाल्यावर त्याच दिवशी लेखी मेसेज टाकून मोकळं व्हावं. मालविक्री कायद्यात नाशवंत माल पुन्हा विकणाऱ्याला पूर्वसूचनेची सक्ती नाही, तरी एक ओळीचा मेसेज पुढचे शंभर वाद वाचवतो.

काय मागू नये तेही सांगतो. सोसायटीच्या कर्जावर चढलेलं व्याज, पुढच्या छाटणीला औषधं उधारीवर घ्यावी लागली तो भार, मनस्ताप. हे खरं असलं तरी अशा व्यापारी सौद्यात त्याची भरपाई सहसा मिळत नाही. सौदा करताना त्या व्यापाऱ्याला जे परिणाम माहीत होते किंवा दिसायला हवे होते, तेवढ्यांसाठीच तो बांधील असतो. तुमच्या स्वतःच्या येण्यावर मात्र व्याज मागा. ६४,००० वर ठरलेल्या मुदतीपासून, आणि तोट्याच्या रकमेवर नोटिशीच्या तारखेपासून. १९७८ च्या व्याज कायद्यात लेखी मागणीला महत्त्व आहे, म्हणून नोटिशीत व्याजाचं वाक्य असायलाच हवं.

फुल अँड फायनलच्या कागदावर सही करू नका. करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे घेणेकऱ्याने कमी रक्कम पूर्ण हिशेबापोटी स्वीकारली, तर बाकीचं येणं संपतं, मग ते कितीही न्याय्य असो. ४० हजार त्याने खात्यावर टाकलेच तर ‘६४,००० च्या मालाच्या बाकीपोटी अंशतः जमा’ असा मेसेज त्याच दिवशी पाठवा.

पंचांचं कलम विसरू नका. सौदा संपला तरी वाद कसा सोडवायचा हे सांगणारं कलम टिकून राहतं. १९९६ च्या लवाद (पंचांकडून निवाडा) कायद्यात ते कराराच्या इतर अटींपासून स्वतंत्र मानलंय. तुमच्या सहीचं कलम आहे आणि तीन ही विषम संख्या आहे, कायद्याला पंच विषम संख्येतच लागतात. तुम्ही थेट दिवाणी दावा लावलात आणि त्याने पहिल्याच टप्प्यावर हे कलम दाखवलं, तर न्यायालय तुम्हाला लवादाकडे पाठवेल. मधले महिने फुकट जातील. म्हणून नोटिशीतच पंचासाठी एक नाव सुचवा आणि त्याला त्याचं नाव कळवायला ३० दिवस द्या. भाव, प्रत आणि मणी तडकणं समजणारी माणसं पंच म्हणून बसली तर तुमचं बरंच काम सोपं होईल.

नोटीस वकिलामार्फत, स्पीड पोस्टाने पाठवा आणि तीच व्हॉट्सॲपवरही टाका. फोनवर संपवलेला सौदा कायद्याने संपतो, पण सिद्ध करताना तुमचा शब्द विरुद्ध त्याचा शब्द होतो. ‘१९ फेब्रुवारीच्या तुमच्या नकारामुळे मी २६ फेब्रुवारीला सौदा संपवला’ हे वाक्य नोटिशीत तारखांसह हवं. आवाजाचा तो मेसेज ज्या मोबाइलवर आलाय तो विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते वकील तयार करून देतील. काटापावत्या, बँकेच्या नोंदी, २८ च्या विक्रीची पावती, २४ च्या पावसानंतर घडांचे काढलेले फोटो एका फाइलला लावा. मुदत तीन वर्षांची आहे, पण साक्षीदारांची आठवण तेवढी टिकत नाही.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्यावी असं गावात कोणीतरी सुचवेलच. सौदा करतानाच पैसे बुडवण्याचा हेतू असेल तर तो गुन्हा. इथे त्याने विसार दिला, माल उचलला, थोडे पैसेही दिले आणि बाजार पडल्यावर फिरला. हा दिवाणी वाद आहे. त्याने कधी चेक दिला आणि तो परत आला तर गोष्ट वेगळी. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते, ती मुदत चुकवू नका.

क्रेट अडवू नका. ते त्याच्या मालकीचे आहेत, तुमच्या येण्यापोटी ते ठेवून घ्यायचा हक्क तुम्हाला नाही, आणि तो उलट तक्रार करायला मोकळा होतो. मोजा, फोटो काढा, ‘१२० क्रेट शेडमध्ये आहेत, सात दिवसांत घेऊन जा’ असा मेसेज टाका, आणि न्यायला येईल तेव्हा पोच सही घ्या. तोवर वापरू नका.

खर्चाचं म्हणाल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्याने दिलेला तो हक्क आहे. निफाडच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येईल. सौदापावतीची झेरॉक्स आणि वरचा हिशेब एका कागदावर उतरवून सोबत न्या. दिरांनाही बरोबर घेऊन जा. कलम ७५ त्यांनी वकिलाच्या तोंडून ऐकलेलं बरं.